कुठला गुडघा?

सम्यकच्या ॲपला विसरण्याची खोड होती. पेशंटने तक्रार लिहायला घ्यावी, मध्येच कुणाचा फोन यावा, आणि बोलून परत यावं तर स्क्रीन कोरी. लोअर परळच्या ऑफिसात अपूर्वा मॅडमनी शांतपणे सांगितलं होतं, "उद्या दुपारी क्लायंटसमोर पुन्हा विसरलं, तर हे काम दुसऱ्या कुणाला देऊ." शांतपणे बोलणाऱ्या माणसांची जास्त भीती वाटते.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, वरळीच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत, त्याने आईला समोर बसवलं. रात्री जागून त्याने दुरुस्ती केली होती, पण ती तपासायला खोटी दुखणी लिहून लिहून तो कंटाळला होता.

"आई, तुझं काय दुखतं ते सांग, मी लिहितो. मध्ये ऑफिसातल्या विकासचा फोन येईल, मीच करायला सांगितलाय, तिकडे लक्ष देऊ नको."

सीमाताई हरखल्या. मुलाने असं काही विचारल्याला किती काळ लोटला होता. "उजवा गुडघा रे. जिना उतरताना कळ येते. तुला मागेच सांगणार होते, पण..."

फोन वाजला. सम्यक गॅलरीत जाऊन विकासशी बोलला आणि परत येऊन बघतो तर अक्षर न् अक्षर जागेवर. "जमलं! अजून सांग. काय होतं अजून?"

"संध्याकाळी सूज येते."

पुन्हा फोन, पुन्हा गॅलरी, पुन्हा सगळं शाबूत. "एक नंबर. अजून?"

"आता विहारात वंदनेला मांडी घालूनसुद्धा बसवत नाही."

"मस्त!" म्हणत सम्यक चक्क नाचला.

नेमक्या तेव्हाच शेजारच्या गंगुबाई दारात उभ्या होत्या. "मेल्या, आवशीचो गुडघो गेलो नि तू नाचतंस?"

"काकी, टेस्टिंग चाललंय."

"आवशीवर टेस्टिंग?"

पुढचं समजावणं गॅलरीत जमलेल्या माणसांच्या आवाजात बुडून गेलं. चाळीतले प्रफुल्लकाका टॅक्सी घेऊन आले. सीमाताईंना धरून खाली नेलं गेलं आणि सम्यकला त्यांच्या शेजारी कोंबण्यात आलं.

त्यामुळे दुपारचा डेमो हॉस्पिटलच्या बाकड्यावरून ऑनलाइन झाला. आईचंच दुखणं स्क्रीनवर होतं. क्लायंट बघत असताना अपूर्वा मॅडमनी मुद्दाम मध्ये मध्ये फोन केले, पण तक्रार जागची हलली नाही. "छान, सम्यक," त्या म्हणाल्या, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

मग आईचा नंबर लागला. सोबत आलेला मुलगा म्हणून डॉक्टरांनी त्यालाच विचारलं, "कुठला गुडघा?"

सम्यकला आठवेचना. त्याला मनापासून लाज वाटली. तरीही हात खिशातल्या फोनकडे गेलाच.

सीमाताईंनी तो हात धरून आपल्या मांडीवर ठेवला. "राहू दे. मी परत पहिल्यापासून सांगते."

"अहो आजी, मला फक्त डावा की उजवा एवढंच..." डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही जरा थांबा, डॉक्टरसाहेब," सीमाताई म्हणाल्या. "आधी याला सांगते."