देवस्थळींचं रिकामं आवर्तन

देवस्थळींसमोर आजवर कोणाचंही वाक्य पूर्ण झालेलं नाही. तुम्ही "आज जरा पोटात..." एवढं म्हणालात की ते "दुखतंय ना? दहीभात खा" म्हणून मोकळे. तुम्हाला पोटात कावळे ओरडतायत असं सांगायचं असतं, पण तोवर ते दह्यावरून विरजणावर आणि विरजणावरून जर्मन दुधावर गेलेले असतात. कावळे ओरडून ओरडून गप्प बसतात.

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर, मी बरोबर त्यांच्या खाली. कंपनीही एकच. ते रोग्यांना तपासायची यंत्रं बनवतात, मी त्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. त्यांच्यासमोर कोणाला बोलता येत नाही आणि माझं कोणी वाचत नाही, तेव्हा आमचं जमायचंच होतं. त्यांच्या पत्नी माधवीवहिनी सासूबाईंच्या आजारपणामुळे दोन वर्षं पुण्यात आहेत. मुलगी मुक्ता गार्चिंगच्या विद्यापीठात फिजिक्स शिकते. तीन खोल्यांच्या घरात देवस्थळी एकटे, आणि त्यांचा बँजो.

हा गिटारसारखा, अमेरिकन पद्धतीचा बँजो त्यांनी फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात घेतला. गेले होते सायकलचा पंप आणायला. पंप राहिलाच, आजही हवा भरायला माझाच नेतात. पण बँजो घरी आला आणि देवस्थळींना अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातल्या ब्लूग्रास संगीताचं वेड लागलं. नुसतं वाजवून भागेल तर ते देवस्थळी कसले. "जोशी, मुळाशी चला," हे त्यांचं पालुपद. मुळाशी म्हणजे तीनशे वर्षं मागे, आणि तेही जिन्यात, माझ्या हातात कचऱ्याची पिशवी असताना.

"स्कॉटलंडची माणसं आधी आयर्लंडच्या उत्तरेला गेली. तिथून जहाजानं अमेरिकेला, थेट अपलाचियाच्या डोंगरात. सामान काय? एक फिडल आणि डोकंभर गाणी."

"व्हायोलिन म्हणजे..."

"फिडल! व्हायोलिन मैफलीत, फिडल ओसरीवर. आणि बँजो कोणाचा? आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचा. दोघांचं सूत जमायला किती पिढ्या गेल्या असतील? आणि गंमत पाहा, मूळ गावचे लोक जी गाणी विसरले, ती त्या डोंगरात शिल्लक राहिली. घर सोडून गेलेला माणूसच घरचं चिवटपणे धरून बसतो. पुण्यात लोक मोदक विकत आणतात, आणि इथे तुमच्या सौभाग्यवती कळ्या मोजतात की नाही? गेनाऊ!"

गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. हे आपण समोरच्याला म्हणायचं असतं. देवस्थळी स्वतःलाच म्हणतात.

वाजवायला ते खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात जातात. तिथे प्रत्येकाची लाकडी पट्ट्यांची कोठी आहे, आत सायकली आणि थंडीतले टायर. दुपारी एक ते तीन आणि रविवारी दिवसभर आवाज करायचा नाही, असा इमारतीचा नियम. तो कागद केलरच्या दारावर लावणारा आणि "रविवारी" खाली लाल रेघ मारणारा सभ्य गृहस्थ मीच. मला जर्मनीत चौदा वर्षं झाली, पण अजून कोणीतरी येऊन मला परत पाठवील अशी भीती वाटते.

एका शनिवारी मी खाली गेलो तो तक्रार करायलाच. चार वाजले होते, नियम त्यांच्या बाजूने होता, तरीही मनाचा हिय्या करून म्हणालो, "देवस्थळी, मला जरा..."

"शिकायचंय ना? मला वाटलंच होतं."

वीस मिनिटांत माझ्या गळ्यात गिटार होती. तेव्हापासून दर शनिवारी मी टायरांवर बसून तीन कॉर्ड वाजवतो. त्यातली एक नीट येते. घरी मी "प्रॅक्टिसला जातो" म्हणालो की बायको म्हणते, "जा, पण कोणी विचारलं तर माझं नाव सांगू नका." सुनीताचं माझ्या संगीताविषयीचं मत तेवढ्यात समजून घ्यावं.

आता जी गोष्ट मला खटकायची ती सांगतो. देवस्थळी चाल झकास धरायचे. बोटं सुटली की तारांमधून नुसता पाऊसच. एक आवर्तन पूर्ण वाजवायचे, आणि दुसऱ्या आवर्तनाला चाल सोडून द्यायचे. नुसतं टुक, टुक, टुक, अगदी हळू, जेमतेम ताल. चांगलं अर्धा मिनिट. मग तिसऱ्या आवर्तनाला पुन्हा चाल. प्रत्येक गाण्यात हेच. शेजारी टायरवर टेकवलेला त्यांचा फोन ते टुकटुकही इमानेइतबारे रेकॉर्ड करत असायचा.

"मधे काय होतं हो?" मी एकदा विचारलं.

जो माणूस दह्यावर चाळीस मिनिटं बोलतो, तो म्हणाला, "काही नाही. तुम्ही ताल धरा."

मी माझा निष्कर्ष काढला. माणूस पन्नाशी ओलांडलेला, चालीचा मधला भाग विसरतो, आणि कबूल करायची लाज वाटते. मला त्यांची दया आली. माझ्या दयेपासून देवाने माणसांना वाचवावं.

गणपतीत इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. हॉल चर्चचा भाड्याने घेतलेला, एका कोपऱ्यात बाप्पा, दुसऱ्या कोपऱ्यात कॉफीचं यंत्र. लहान मुलांच्या नाचानंतर आम्ही दोघं. त्या आठवड्यात देवस्थळी मला तीनदा म्हणाले होते, "मुक्ता येणार आहे." मी तीनदा म्हणालो, "वा." त्यापुढे माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तसा तो सहसा पडत नाही.

पहिलं आवर्तन बहारदार झालं. लोक माना डोलवू लागले. मी मान वर केली नाही, कारण डाव्या हाताची बोटं पाहिल्याशिवाय मला कॉर्ड सापडत नाही. आणि मग ते आलं. टुक, टुक, टुक.

हॉल शांत झाला. कोणीतरी खोकलं. मी चोरून देवस्थळींकडे पाहिलं तर ते बाजूच्या दाराकडे पाहत होते, कपाळावर घाम. मला वाटलं, गेली बिचाऱ्याची चाल, आता दीडशे माणसांसमोर शोभा होणार. चौदा वर्षांचा शेजार आहे, आता नाही तर कधी उपयोगी पडायचं? मी गिटार बाजूला केली आणि सगळा जीव गोळा करून ओरडलो, "गणपती बाप्पा..."

दीडशे माणसं म्हणाली, "मोरया!"

मग काय विचारता. कोणीतरी झांज उचलली, एका आजोबांनी आरती सुरू केली, आणि एकदा आरती सुरू झाली की ती मधे थांबवायची छाती कोणाचीही नसते. एकामागून एक पाच झाल्या, मंत्रपुष्पांजली झाली. देवस्थळी बँजो छातीशी धरून, डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, भक्तीने.

प्रसादाच्या रांगेत लोक माझी पाठ थोपटत होते. "जोशी, वेळ सांभाळलीत हं." मी विनयाने मान खाली घालत होतो. तेवढ्यात सुनीता शेजारी आली आणि हळूच म्हणाली, "अहो, ती वाजवणार होती."

"कोण?"

"मुक्ता. बाजूच्या दारात उभी होती, व्हायोलिन खांद्याला लावून. एक पाऊल टाकलं होतं तिनं पुढे. तेवढ्यात तुम्हाला बाप्पा आठवले."

मी मोदक तसाच ठेवून बाहेर आलो. मुक्ता पायरीवर बसून पेटीचे खटके लावत होती. मी म्हणालो, "मुक्ता, मला माहीतच..."

"माख्ट निष्ट्स, जोशीकाका," ती म्हणाली. म्हणजे काही हरकत नाही. पण हरकत होती, ते दिसत होतं.

मग थोड्या मराठीत, बऱ्याचशा जर्मनमध्ये तिनं सांगितलं. पंधरा वर्षांची असेपर्यंत ती व्हायोलिन शिकत होती. वाजवायला लागली की पपा शेजारी उभे. दोन ओळी झाल्या की "थांब, ते असं नाही." पुन्हा दोन ओळी, पुन्हा "थांब." एक दिवस तिनं व्हायोलिन पेटीत टाकलं आणि म्हणाली, "पपा, तुम्ही कधी ऐकतच नाही." ती पेटी पाच वर्षं उघडली नाही.

"मग ते मला रेकॉर्डिंग पाठवायला लागले. दर शनिवारी. खाली एक शब्द नाही. पपा, आणि एक शब्द नाही, काका! मला वाटलं आजारी आहेत. आणि मधे नेहमी ती जागा, टुकटुक. आल्झो, म्हणजे मग मी नेटवर पाहिलं. ब्लूग्रासमध्ये एक जण वाजवतो तेव्हा बाकीच्यांनी मागे सरायचं असतं. पपा मागे सरले होते. कोणासाठी ते कळायला मला चार महिने लागले." तिनं पेटीचा शेवटचा खटका लावला. "आज दोघांनाही भीती वाटत होती. परत जमेल की नाही, माहीत नाही. उद्या एकची गाडी आहे."

मी घरी येऊन जेवलो नाही. एका माणसानं आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यासाठी जागा सोडली, आणि त्या जागेत मी दीडशे माणसं घुसवली.

दुसऱ्या दिवशी रविवार. दहा वाजता मी तिसऱ्या मजल्याची बेल वाजवली. देवस्थळींनी दार उघडलं. मी म्हणालो, "देवस्थळी, काल मी गाढवपणा केला, तुमची चाल गेली असं मला वाटलं, मी विचारायला हवं होतं, मला फार वाईट वाटतंय."

एवढं लांब वाक्य. आणि त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला रडूच यायचं बाकी राहिलं.

"असू द्या," ते म्हणाले.

"खाली चला. मुक्तालाही घ्या."

"आज रविवार आहे, जोशी."

"माहीत आहे. लाल रेघ माझीच आहे."

मुक्ता आत बॅग भरत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, पपांकडे पाहिलं, आणि पेटी उचलली.

केलरमध्ये आम्ही तिघं, टायर आणि सायकली. पहिलं आवर्तन देवस्थळींचं. मग टुक, टुक, टुक. मी ओठ घट्ट मिटले. मला गप्प बसायला इतके कष्ट कधीच पडले नव्हते.

मुक्तानं चाल उचलली. पाच वर्षं बंद असलेला हात, सूर जरा खरखरीत, पण चाल तीच. चालीच्या उतारावर ती अडखळली. मी देवस्थळींकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं होतं. 'थांब' हा शब्द मला ओठांवर दिसला. त्यांनी तो गिळला, मान खाली घातली, आणि टुकटुक तसंच चालू ठेवलं. ती पुन्हा मागे गेली, तीच ओळ घेतली, आणि या खेपेला पार झाली.

तिचं आवर्तन संपलं. वरून कोणीतरी नळाच्या पाइपवर ठोकलं, बहुधा पहिल्या मजल्यावरच्या बाई. रविवारचा नियम मोडणाऱ्यांत माझं नाव जाणार हे नक्की झालं. आता देवस्थळींनी चाल घ्यायची. त्यांनी घेतली नाही. टुक, टुक, टुक.

"पपा," मुक्ता म्हणाली, "आता तुम्ही."

"तू वाजव," देवस्थळी म्हणाले. "मी ऐकतोय."

तिनं व्हायोलिन पुन्हा खांद्याला लावलं. माझी कॉर्ड केव्हाच चुकली होती, पण ते सांगायला त्या दिवशी कोणी मला थांबवलं नाही.