मेजरच्या छातीवरचं यंत्र

अक्षय जाऊन चार महिने झाले होते. बत्तीस वर्षांचा धडधाकट माणूस, चहा पिता पिता छाती धरून बसला तो उठलाच नाही. तेव्हापासून त्याची आई तुळसाबाई धाकट्या भरतच्या मागे लागली होती, "तू पन येकदा छाती दाखवून ये रे." भरतचं उत्तर ठरलेलं, "मला काय झालंय?"

पण अक्षयने मुंबईहून आणलेला डॉबरमन, मेजर, एका सकाळी चढावर थांबून धापा टाकू लागला, आणि भरतने हातातलं काम टाकून शेजाऱ्याच्या टेम्पोतून त्याला महाडला नेलं. (टेम्पोत कोबी होता. महाड येईपर्यंत दोन गड्डे कमी झाले.)

प्राण्यांच्या डॉक्टर स्नेहल मॅडम म्हणाल्या, "या जातीचं हृदय आतून थकत जातं, वरून कळत नाही. चोवीस तास ठोके मोजूया." त्यांनी मेजरच्या छातीवरचे केस भादरले, ठोके नोंदवणाऱ्या छोट्या यंत्राच्या वायरी चिकटवल्या, वर जाकीट चढवलं आणि एक वही दिली. कुत्रा केव्हा काय करतो ते तीत लिहायचं.

घरी उतरताच मेजरला कोंबडी दिसली. कोंबडी करवंदीच्या जाळीत शिरली, मागोमाग मेजर शिरला आणि बाहेर आला तो नागडा. यंत्र जाळीत लटकत होतं. पुन्हा चढवलं, त्याने दातांनी ओढून काढलं. मॅडमना विचारावं तर वाडीत रेंज नाही. मेजर शांत होईपर्यंत मोजणी थांबू नये म्हणून भरतने वायरी गुपचूप स्वतःच्या छातीला चिकटवल्या. अर्धाच तास. (भरतचा अर्धा तास दुसऱ्या सकाळी संपला.) वही मात्र त्याने इमानदारीने भरली, मेजरचीच.

आठवड्याने निकाल ऐकायला तुळसाबाईही आली. मॅडम कागद बघून गंभीर झाल्या.

"दुपारी एकला वहीत 'झोपला' लिहिलंय, आणि ठोके एकशे चाळीस! आजपासून गोळ्या. जन्मभर."

पाकीट पुढे आलं. मेजरने मान तिरकी करून भरतकडे पाहिलं.

"मॅडम," भरत म्हणाला, "ती छाती माजी हाय." आणि शर्ट वर करून वायरींच्या चिकटपट्ट्यांच्या गोल गोल खुणा दाखवल्या.

मॅडमनी आधी तोंडावर हात दाबला, मग मेजरला टेबलावर घेऊन त्याच्या हृदयाची सोनोग्राफी केली. हृदय ठणठणीत.

"मग धाप?"

"वजन. याला एवढी बिस्किटं कोण घालतं?"

तुळसाबाई छताकडे बघू लागली.

बाहेर पडताच मात्र तिने भरतचा दंड धरला.

"दुपारी येकला काय करत व्हतास रे?"

"दादाची बॅग उघडली."

"मला हाक मारायची नाय?" ती म्हणाली, आणि दंड न सोडता त्याला समोरच्या माणसांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

तिथे नवा कार्डिओग्राम निघाला. छाती ठीक होती. "धडधड दुःखाची आहे, हळूहळू उतरेल," डॉक्टर म्हणाले. "आठवडाभर झोपेची गोळी देतो." मग मायलेकांनी मॅडमकडून आणलेला ठोक्यांचा कागद त्यांनी चष्म्यावरून वाचला, "मेजर. डॉबरमन. नर. वय पाच..." आणि खुर्ची हळूच मागे घेत विचारलं, "चावत नाही ना?"

"नाय चावत," तुळसाबाई म्हणाली. "पन गोळी तेवढी गुळात लपवून द्यावी लागंल. तशी थुंकतो."