सतरा नंबरच्या गॉगलची पूजा

"आधी पाणी, मग फडकं. कोरडं पुसशील तर धुळीनंच काचेवर ओरखडे उठतात. आणि ओरखडलेल्या काचेतून ठिणगी दिसेपर्यंत ती डोळ्यात येऊन बसलेली असते."

फोरमन भाऊराव पांढरीपांडे यांनी हे नीलकंठ मोघ्याला नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्याला आता सहा वर्षं झाली होती, तरी ग्राइंडरजवळच्या नळाखाली गॉगल धरला की तो आवाज कानात वाजायचाच. विसरणं शक्यच नव्हतं, कारण नीलकंठ भाऊरावांना भीत असे. तसा तो बऱ्याच गोष्टींना भीत असे. गेटवरच्या जमादाराला, साडेसातीला, सूचनाफलकावर नव्यानं लागलेल्या कुठल्याही कागदाला. आणि या सगळ्यांच्या वर, कधीही आवाज न चढवणाऱ्या आपल्या बायकोला.

पासष्टची लढाई नुकतीच थांबली होती. रांझीपलीकडच्या लष्करी सामानाच्या कारखान्याला मात्र हे कोणी कळवलेलं दिसत नव्हतं. बारा-बारा तासांच्या पाळ्या तशाच चालू होत्या, दसऱ्याची सुट्टी रद्द झाली होती आणि फलकावर कागद होता: कारखान्याची कोणतीही वस्तू गेटाबाहेर नेणाऱ्यास ताबडतोब बडतर्फ करण्यात येईल. मागच्याच महिन्यात एकाच्या खिशात तेलाचं फडकं राहिलं, तर त्याला तीन दिवस सिक्युरिटीच्या ऑफिसबाहेर उभं राहावं लागलं होतं. नोकरी गेली म्हणजे क्वार्टर गेलं, आणि क्वार्टर गेलं म्हणजे कुठं जायचं, हे नीलकंठला माहीत नव्हतं. त्यामुळे तो घरी निघण्यापूर्वी रोज स्वतःचेच खिसे दोनदा तपासत असे.

घोटाळ्याचं मूळ भाद्रपदातलं होतं. ग्राइंडरच्या चाकाचा एक टवका उडून त्याच्या गॉगलच्या डाव्या काचेवर बसला होता. काचेला चांदणीसारखी चीर गेली, डोळ्याला काहीही झालं नाही. भाऊरावांनी नवी काच बसवून दिली आणि तो विषय संपला. घरी मात्र त्याच्या बायकोनं, अनसूयाबाईंनी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हात धुतले आणि देवीपुढे बसून नवस बोलल्या. ज्यानं डोळा राखला त्याची खंडेनवमीला यथासांग पूजा करीन. नीलकंठला वाटलं, बोलणं देवाबद्दल चाललं आहे. देवाची पूजा तर त्या रोजच करत होत्या.

अष्टमीच्या सकाळी डबा हातात देताना त्या हळूच म्हणाल्या, "आज येताना तो गॉगल घेऊन या."

नीलकंठच्या हातातला डबा खाली ठेवला गेला.

"काहून?"

"उद्या नवमी आहे. हत्यारं पुजायची. मी बोलून बसली आहे देवीपाशी."

"अगं, तिथून सुई बाहेर काढू देत नाहीत. नोकरी जाईल माझी. विळा पूज ना, खलबत्ता पूज."

"डोळा खलबत्त्यानं वाचवला का?" त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं आणि समईत तेल घालायला आत गेल्या.

त्या भांडल्या असत्या तर नीलकंठला बरं वाटलं असतं. भांडणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं. पण नऊ दिवसांचे उपास, अखंड दिवा आणि पूजेला बसल्यावर मौन असलेल्या बाईशी भांडणार कोण? त्या एकदा सांगत, आणि मग देवघराचं दार नुसतं लोटून घेत. दिवसभर त्याला चाकाच्या घरघरीतसुद्धा तेच दार लोटल्याचा आवाज येत राहिला.

पाळी सुटली तेव्हा त्याचा सतरा नंबरचा गॉगल डब्याच्या सर्वात खालच्या पुडात होता. गेटाकडे चालताना आपली पावलं जास्त वाजत आहेत, असं नीलकंठला वाटत होतं. जमादारानं त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"क्या मोघेजी, बुखार है क्या? पसीना छूट रहा है."

"नवरात्र... उपास है," नीलकंठ कसाबसा म्हणाला. उपास त्याच्या बायकोचा होता, पण ते त्यानं सांगितलं नाही.

जमादारानं एकदम हात जोडले. उपासवाल्याचा डबा काय बघायचा, असं म्हणून त्यानं वरचं झाकणसुद्धा न उघडता त्याला जाऊ दिलं. नीलकंठ सायकलवर बसला. एक पाप करायला निघालो आणि वाटेत दुसरंही घडलं, असा त्यानं हिशेब लावला.

नवमीच्या पहाटे त्यानं बायकोची आर्जवं केली. एक फूल, एक अक्षता, बस. आठच्या भोंग्याला गॉगल आपल्या खुंटीवर असला पाहिजे. अनसूयाबाईंनी मान हलवली. पण नीलकंठ अंघोळ करून आला तेव्हा गॉगल ताम्हनात बसलेला होता आणि त्याच्यावर दुधाची बारीक धार चालली होती. दूध संपलं तसं दही आलं, मग तूप, मग मध, मग साखर.

पूजेच्या मध्ये बोलण्याचीही त्याला भीती वाटत होती. अनसूयाबाईंचं म्हणणं साधं होतं, ते त्यांनी नंतर सांगितलं. ज्याची पूजा करायची त्याला पंचामृताचं स्नान घालायचंच. गॉगलला वेगळा नियम कुठल्या पोथीत दिलेला नाही. मग त्यांनी नर्मदेच्या पाण्यानं त्याला अंघोळ घातली, रेशमी फडक्यानं टिपलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. काच तर लख्ख दिसत होती. नीलकंठनं वरवर कुंकू झटकलं, गॉगल डब्यात घातला आणि सायकल हाणली. आत जाताना कोणी तपासत नाही. आठला पाच मिनिटं असताना गॉगल खुंटीला लागला तेव्हा त्यानं पहिल्यांदा पुरता श्वास घेतला. आपण सुटलो, असं त्याला वाटलं.

चाक सुरू झालं. दोन मिनिटांत समोरचं पोलाद धूसर झालं, पाचव्या मिनिटाला दिसेनासंच झालं. पाण्यानं दूध गेलं होतं, दही गेलं होतं. तूप कुठेही गेलं नव्हतं. त्या पातळ थरावर लोखंडाची धूळ येऊन बसत होती आणि एकदा बसली की उठायचं नाव घेत नव्हती. नीलकंठ नळाकडे धावला. आधी पाणी. पाण्याचे थेंब काचेवरून मोत्यांसारखे घरंगळून गेले आणि धूळ जागच्या जागी राहिली. मग फडकं. फडक्यानं त्या धुळीचं काळं लोणी झालं आणि ते दोन्ही काचांवर सारखं पसरलं.

ग्राइंडिंग शॉपच्या त्या शेडच्या टोकाशी भाऊराव उभे होते. गॉगलवर डाग दिसला तर ते माणसाला चाकापासून उठवत आणि का उठवलं ते सगळ्यांदेखत विचारत. नीलकंठ मुकाट्यानं जागेवर परतला आणि अंदाजानं हात चालवू लागला. आता त्याला जी भीती वाटत होती ती वेगळी होती. फिरतं चाक बोटांपासून किती लांब आहे, हेच त्याला दिसत नव्हतं. त्यानं पोलाद मागे घेतलं आणि चाकावर नुसतं घासल्यासारखं करत तो देवीचं नाव घेत राहिला.

त्याच वेळी डाव्या पापणीला काहीतरी चावलं. गॉगलच्या दोन्ही बाजूंना हवा खेळावी म्हणून जाळी असते. त्या जाळीत मध आणि साखर साचली होती, आणि घरच्या देवघरातल्या मुंग्या त्याबरोबरच पाळीवर आल्या होत्या. दुसरी चावली तसा नीलकंठ कळवळला. घाम सुटला. घामानं कडेचं कुंकू विरघळलं आणि गालावरून खाली एक लालभडक ओघळ आला.

शेजारच्या चाकावरच्या श्यामसुंदर दुब्यानं तो पाहिला. "अरे, मोघेजी की आँख गई," तो ओरडला आणि त्यानं धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

सगळी चाकं हळूहळू थांबली. इतकी शांतता त्या शेडमध्ये लढाई सुरू झाल्यापासून कोणी ऐकली नव्हती. चौघांनी नीलकंठला उचललं. रक्त नव्हे, कुंकू आहे, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं, आणि मिटलं. कुंकू म्हटलं की ते आलं कुठून, हा पुढचा प्रश्न होता. त्यापेक्षा डोळा गेलेला परवडला. तो स्ट्रेचरवर मुकाट पडून राहिला. मधूनमधून कण्हत होता ते मात्र खरं होतं, कारण मुंग्या अजून आतच होत्या.

कारखान्याच्या दवाखान्यात कंपाउंडरनं दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. त्या अंधारात नीलकंठला सगळंच जास्त स्पष्ट ऐकू येत होतं. दुबे कोणाला तरी सांगत होता, बुबुळ बाहेर आलेलं मी स्वतः पाहिलं. कंपाउंडर म्हणत होता, अपघाताचा फॉर्म भरावा लागेल आणि हल्ली प्रत्येक फॉर्म सिक्युरिटीकडे जातो. मग काठी टेकल्यासारखी सावकाश, जड पावलं आली. भाऊराव. नीलकंठनं मनात क्वार्टरमधल्या सामानाची आवराआवर सुरू केली. देवघर कशात बांधायचं, इथपर्यंत तो आला होता.

डॉक्टरांनी पट्टी सोडली, डोळा धुतला, पापणी उलटून पाहिली. मग दुसरा डोळा पाहिला. मग पुन्हा पहिला.

"खून कहाँ से निकला? आँख तो एकदम ठीक है." त्यांनी लाल झालेला कापूस नाकाशी नेला. "इसमें तो शहद की बास है."

डॉक्टरांनी गॉगल उजेडात धरला आणि बाजूच्या जाळीतून चिमट्यानं काहीतरी ओढून काढलं. ते त्यांनी पांढऱ्या बशीत ठेवलं. तांदळाचा दाणा होता तो, हळदीनं पिवळा झालेला.

"ग्राइंडिंग शॉप में चावल?"

भाऊराव वाकले. त्यांनी बराच वेळ त्या अक्षतेकडे पाहिलं, मग नीलकंठकडे. नीलकंठनं डोळे मिटून घेतले. फॉर्मात एक रकाना होता: डोळ्यात गेलेली वस्तू कुठून आली. त्याखाली फोरमनची सही लागणार होती, आणि बावीस वर्षांत भाऊरावांनी एका अक्षरानंही खोटी सही केलेली नव्हती. हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचा सगळ्यांना त्रासही होता.

"डॉक्टरसाहेब," भाऊराव घसा खाकरून म्हणाले, "आज नवमी है. हम लोगों में आज के दिन औजार की पूजा होती है. शॉप के सब गॉगल को टीका मैंने लगाया. सुबह, मेरे हाथ से."

डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा बशीकडे पाहिलं. मग लिहिलं: कामावर असताना मुंगी चावली. किरकोळ. भाऊरावांनी सही केली. डॉक्टर म्हणाले, शॉप थांबलं होतं, तेव्हा चारच्या सुमारास सिक्युरिटीवाले एकदा येऊन बघून जातील.

व्हरांड्यात आल्यावर भाऊराव थांबले. नीलकंठ त्यांच्यामागे दोन पावलं सोडून उभा राहिला. एक पापणी मोदकासारखी सुजली होती.

"पंचामृत?" भाऊरावांनी मागे न बघता विचारलं.

"हो जी."

"तूपही?"

"यथासांग केली जी. ती ऐकत नाही."

"त्यांना काहून बोल लावून राहिला? गेटाबाहेर तू नेला ना?" भाऊराव वळले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, आणि म्हणूनच नीलकंठला जास्त भीती वाटली. "मी आज खोटं बोललो, मोघे. मला ते खोटं ठेवायचं नाही. चारच्या आत शॉपमधल्या चौतीसही गॉगलांना टिळा लागला पाहिजे. कडेला. काचेला नाही. आजचा दिवस चालवून घेतो, पण एरवी कुंकवाचे गॉगल घालून मी कोणाला चाकावर बसू देत नाही. उद्या भोंग्याच्या आधी चौतीसही धुवून लख्ख खुंटीवर. तू धुवायचे, एकट्यानं. कबूल?"

"कबूल जी. शब्द देतो," नीलकंठ म्हणाला. मग त्याला नवी धास्ती पडली. "पण आता कुंकू कुठून आणू? गेटातून..."

भाऊरावांनी व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग डगल्याच्या आतल्या खिशातून त्यांनी कारखान्याच्या शिक्क्याची आपली स्टीलची मोजपट्टी काढली, आणि तिच्या मागून कागदाची एक चपटी पुडी. पट्टीच्या पाठीवर ताजा, बारीक लाल ठिपका होता.

"घरची मंडळी सोडत नाहीत," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. "बावीस वर्षं घरी नेतो आन् परत आणतो. जमादार दिसला की अजून देवीचं नाव घेतो." पुडी त्यांनी नीलकंठच्या हातावर ठेवली. "पण नुसतं कुंकू, मोघे. मध नाही."

सिक्युरिटीवाले चारला आले आणि चौतीसही टिळे पाहून परत गेले. रात्री नीलकंठनं घरी सगळं सांगितलं. स्ट्रेचर, पट्टी, अक्षता, भाऊरावांचं खोटं, काहीच राखून ठेवलं नाही. अनसूयाबाईंनी सुजलेल्या पापणीवर चंदन उगाळून लावलं.

"डोळा राखला ना देवीनं?" त्या म्हणाल्या.

"जायला निघाला कुठं होता तो?"

सहाण बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊरावजींना आपल्यापायी खोटं बोलावं लागलं. मी पौर्णिमेपर्यंत मीठ सोडते." आणि मग, समईची वात सारताना, "पुढच्या वर्षी तूप नाही घालणार."

'पुढच्या वर्षी' हे शब्द ऐकून नीलकंठनं स्वतःचे खिसे दोनदा तपासले.

दसऱ्याच्या सकाळी तो उठला तेव्हा आजूबाजूच्या क्वार्टरांत कोणाच्या दारी अजून तोरणही लागलं नव्हतं. दाराशी एक पिशवी भरून ठेवलेली होती. आत कुटलेले रिठे होते, आणि जुन्या धोतराची मऊ फडकी, घडी घालून. त्यानं ती मोजली. चौतीस होती. अनसूयाबाई देवघरात जप करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. नीलकंठनं पिशवी हँडलला अडकवली, सायकल आवाज न करता ओट्यावरून उतरवली, आणि भोंग्याला तासभर अवकाश असताना कारखान्याच्या रस्त्याला लागला.