वाढलेला ब्रश

आमच्या शाळेत केराची टोपली रिकामी करायची झाली तर ती आधी सेतुमाधवरावांना दाखवावी लागे. असा नियम हेडमास्तरांनी केलेला नव्हता, की शिक्षण खात्याच्या कुठल्या पुस्तकात छापलेला नव्हता. पण झाडूवाली अंजलै दुपारी चारला टोपली कमरेवर घेऊन निघाली की सेतुमाधवराव प्रयोगशाळेच्या दारात आडवे उभे राहत आणि हातातल्या काचेच्या कांडीनं टोपली ढवळायला लागत. कागद बाजूला, केळीचं पान बाजूला, शेंगांची टरफलं बाजूला. मग कांडी एखाद्या तुटक्या कंगव्याला लागली की ते मान वर करून अंजलैकडे असे बघत, की त्या बिचारीला आपणच तो चोरून आणल्यासारखं वाटावं.

"हे कुणाचं?" ते तमिळमध्ये विचारत.

"मला काय ठाऊक, सामी?"

की लगेच माझ्याकडे वळून मराठीत, "बघट्लास गोपाळा? तिला ठाऊक नाही मणते. ह्याच्यात कायतरी हाय."

'ह्याच्यात कायतरी हाय' हे त्यांचं पालुपद. पोस्टमननं पत्र वेळेवर आणलं तरी ह्याच्यात कायतरी हाय, आणि उशिरा आणलं तर आहेच आहे. मद्रासेकडे कुणाला टोपी घातली की त्याचं 'कुंभकोणम केलं' असं म्हणतात. अशा आमच्या या कुंभकोणमात जन्म काढलेला माणूस थोडा संशयी झाला तर त्यात नवल नाही. सेतुअण्णा थोडे नव्हते, एवढंच.

मी शाळेत इतिहास शिकवत होतो आणि सेतुअण्णा प्रयोगशाळा सांभाळत होते. सगळ्या शाळेत मराठी आम्ही दोघंच, तेही पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेले. पुण्याकडचे पाहुणे आमची मराठी ऐकून 'ही कुठल्या शतकातली?' असं विचारतात आणि हसतात. हसोत बापडे. शिक्षकांच्या खोलीत पंधरा जणांच्या देखत पंधरा जणांची निंदा करायला ती फार उपयोगी पडते. त्या पंधरा जणांनाही हे ठाऊक असल्यामुळे, आम्ही नुसतं 'आज उकडतंय' म्हटलं तरी कुणीतरी आपला शर्ट नीट करून घेई.

केराचं हे वेड त्यांना लागलं ते एका भडक्यानं. त्या वर्षांत प्लास्टिक नवं नवं आलं होतं. लाकडी कंगव्याच्या जागी रंगीत कंगवा, कडुनिंबाच्या काडीच्या जागी ब्रश, साबणाला डबी. आधी वसतिगृहातल्या मुलांकडे, मग मास्तरांकडे, आणि शेवटी हेडमास्तरांच्या टेबलावर एक पिवळी टाचण्यांची डबी, असं ते चढत गेलं. शाळेचा केर मागच्या आवारात जाळत. एके दिवशी त्या जाळात कुणाचा तरी कंगवा पडला आणि भसकन असा पेटला की शेजारी उभ्या माळ्याच्या भुवया गेल्या. दुसऱ्या दिवशी सेतुअण्णांनी राख उकरली तर त्यात एक साबणाची डबी वितळून गोळा होऊन बसलेली.

"कागदाची राख होते, पान गाई खाते," ते मला म्हणाले. "हें एक तर भडकते, नाहीतर राहातेच. मग जाते कोठ? कोणी विचारत नाही. का विचारत नाही?"

मी म्हटलं, "अण्णा, कंगवा आहे तो."

"तू उगे बैस. तुला इतिहास ठाऊक."

तेव्हापासून शाळेतलं प्लास्टिक बाहेर जायचं बंद झालं. ते सगळं प्रयोगशाळेच्या कपाटातल्या एका पत्र्याच्या पेटीत जाऊ लागलं. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं एक चिठी बांधलेली असे, आणि चिठीवर मराठी. तमिळमध्ये लिहिलं तर कुणीही वाचील, हा संशय.

शाळेचं पुरेना म्हणून ते बाजारात शिरले. पितळी भांड्यांच्या दुकानात शोभेला ठेवलेली प्लास्टिकची तबकडी तडकली, तर ती मागायला हे हजर. कॉफी हॉटेलवाल्यानं साखरेला नवी डबी आणली होती. तिचं झाकण तुटलं ते यांना रस्त्यावरून दिसलं. आत जाऊन त्यांनी "तुटक्या वस्तूंचं तुम्ही काय करता?" असं विचारलं. हॉटेलवाल्याला वाटलं, हा नगरपालिकेच्या आरोग्य खात्याचा माणूस. त्यानं घाईघाईनं टेबल पुसलं आणि निर्भेळ दुधाच्या डिग्री कॉफीचा पेला पुढे केला, वर पैसे नकोत म्हणाला. फुकट कॉफी बघितल्यावर सेतुअण्णा मागे सरकले. बरोबर मी होतो. "पिऊ नोको," ते माझ्या कानात म्हणाले. झाकण घेऊन आम्ही बाहेर पडलो. कॉफी टेबलावर वाफाळत राहिली आणि हॉटेलवाला आठवडाभर घाबरून होता. त्या कॉफीचं मला अजून वाईट वाटतं.

पोरांनी त्यांचं नाव 'कुप्पै वाध्यार' ठेवलं, म्हणजे केरमास्तर. इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण तुटक्या कंगव्यात केस असतात, आणि दुसऱ्याचे केस जमवणारा माणूस काय करतो हे आमच्याकडे लहान पोराला विचारलं तरी सांगेल. तिरुविडैमरुदूरचा एक मुलगा वसतिगृहात तापानं पडला. त्याचा कंगवा चार दिवसांपूर्वी सेतुअण्णांनी नेला होता. मुलाची आजी आली, तिनं मुलाची दृष्ट काढली आणि जाताना प्रयोगशाळेच्या दाराकडे बघून बोटं मोडली. दोन दिवसांत गावभर झालं: राव सूनियम करतात, करणी करतात.

शनिवारी हेडमास्तरांनी मला बोलावलं. हेडमास्तर म्हणजे कपाळावर ठसठशीत नाम, स्वच्छ धोतर, आणि पंचांग बघितल्याशिवाय बदलीचा अर्जही वर न पाठवणारे गृहस्थ. टेबलावर ती पत्र्याची पेटी उघडी होती. एका बाजूला वसतिगृहाचे वॉर्डन, दुसऱ्या बाजूला सेतुअण्णा, ओठ घट्ट मिटून.

"ही तुमची भाषा आहे. वाचा," हेडमास्तर म्हणाले.

मी पहिली चिठी उचलली. 'वसतिगृह, खोली तीन. दातांचा ब्रश, हिरवा. सोमवारी वाढला.'

आता इथे माझी चूक मला कबूल केली पाहिजे. बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं, हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. नारळही वाढवतात. पण दात घासायचा ब्रश वाढतो हे मी बापजन्मात ऐकलं नव्हतं. समोर हेडमास्तर, बाजूला वॉर्डन, घाईघाईत मी शब्दाला शब्द ठेवून तमिळ केलं: "ब्रश, हिरवा, सोमवारी वळर्न्ददु."

वळर्न्ददु म्हणजे वाढला. झाड वाढतं, मूल वाढतं, तसा.

वॉर्डनचा हात आपोआप स्वतःच्या डोक्याकडे गेला, केस आहेत ना बघायला. हेडमास्तरांनी खुर्ची एक वीत मागे घेतली.

"पुढची?"

"कंगवा, काळा. बुधवारी... वळर्न्ददु."

"हे वाढतात?" हेडमास्तर पेटीकडे बघत म्हणाले. "रात्री की दिवसा?"

सेतुअण्णांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. मी सावरायचा प्रयत्न केला. आमच्यात तुटण्याला वाढणं म्हणतात, असं सांगू लागलो. ते कुणालाच पटलं नाही, आणि माझ्या तोंडून ऐकताना मलाही पटेना. शेवटी हेडमास्तर म्हणाले, "राव, या वस्तूंचं तुम्ही काय करता, एवढंच सांगा. विषय संपेल."

जो माणूस अंजलैची टोपली, पोस्टमनची सायकल आणि हॉटेलवाल्याची साखर यांच्याबद्दल उभ्या उभ्या तासभर बोले, तो एक अक्षर बोलला नाही.

"सोमवारी अकरापर्यंत सांगा," हेडमास्तर म्हणाले. "नाहीतर पेटी जाईल आणि तुमची नोकरीही."

मग मलाही संशय आला. खोटं कशाला बोलू? पेन्शनला दोन वर्षं उरली असताना माणूस तुटक्या ब्रशांसाठी नोकरी घालवतो, तेव्हा ह्याच्यात कायतरी असलंच पाहिजे. पेटीत मी जेवढं बघितलं त्याच्या दहापट तरी त्यांनी जमवलेलं होतं. बाकीचं गेलं कुठे? रविवारी दुपारी मी सरळ त्यांच्या घरी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. मी हाक न मारता आत शिरलो. ती माझी दुसरी चूक.

स्वयंपाकघरात चुलीवर पातेल्यात पाणी उकळत होतं. सेतुअण्णा पाटावर बसले होते. त्यांच्या हातात केस उपटलेली ब्रशची दांडी होती. ती त्यांनी चिमट्यानं पाण्यात धरली, मऊ झाली तशी काढली, आणि तोंडानं फुंकर घालत पितळी पेल्याभोवती हळूहळू वळवली. दुसरी दांडी वळवून तयार होती. दोन्हींच्या टोकांना त्यांनी प्रयोगशाळेतल्या बाटलीतला एक एक थेंब लावला आणि टोकाला टोक दाबून धरलं. झाली बांगडी. हिरवी, आरपार दिसणारी, आणि आतल्या अंगाला ब्रश करणाऱ्या कंपनीची चार अक्षरं अजून शाबूत.

समोर त्यांची मुलगी शांता हात पुढे करून बसली होती. कोपरापर्यंत बांगड्या. लाल, पिवळ्या, मधाच्या रंगाच्या, काळ्या कंगव्यांच्या कण्याच्या. मला बघून तिनं दोन्ही हात झटकन पदराखाली घेतले.

शांता सतराव्या वर्षी विधवा होऊन घरी आली, हे मला ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तिसरं वर्ष चालू होतं आणि तिला उंबऱ्याबाहेर कुणी फारसं बघितलं नव्हतं.

सेतुअण्णांनी मला बाहेर काढलं नाही. बराच वेळ पेला पुसत राहिले.

"दहाव्या दिवशी बायकांनी तिचे हात धरट्ले," ते म्हणाले. "पाट्यावर आपटून असक्या, सगळ्या बांगड्या... मी दाराबाहेर होतो. काचेचा आवाज ऐकट्लो." त्यांना 'फोडल्या' हा शब्द उच्चारता येईना. "काच नोको मणून ठरवट्लो. जे कोण्हाला आपटून वाढवता येत नाही ते मी करीन मणालो. पोरगी घरात तरी घालील."

मी मान खाली घातली. इतके दिवस मी त्या माणसाला हसलो होतो, त्याची गंमत इतरांना सांगून चार लोकांना हसवलंही होतं. मला स्वतःची लाज वाटली.

"अण्णा, हेडमास्तरांना सांगा. करणी नाही, एवढं तरी कळेल."

"आणि गल्लीला कळेल शांता बांगड्या घालते मणून. मग? नोकरी जाऊ दे. तू कोण्हाला सांगू नोको."

"अप्पा, तुम्ही उगे राहा," शांता म्हणाली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

सोमवारी अकराला आम्ही हेडमास्तरांच्या खोलीत उभे होतो. अण्णांनी राजीनामा लिहून आणला होता. तो ते टेबलावर ठेवतात तोच बाहेरचा गलका एकदम थांबला. दुसऱ्या तासाची मुलं खिडक्यांत जमली होती आणि आवारातून शांता चालत येत होती. पदर खांद्यावर, हात मोकळे. आमची गल्ली, देवळाचा रस्ता, सबंध बाजार ओलांडून ती तशीच आली होती. अण्णा तिला परत पाठवायला दाराकडे निघाले. मी त्यांचा दंड धरला.

तिनं आत येऊन दोन्ही हात हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवले.

"सार, तुमच्या शाळेचे ब्रश आणि कंगवे हे असे वाढले," ती तमिळमध्ये म्हणाली. "अप्पांनी दुसरं काही केलेलं नाही."

वॉर्डन खिडकीबाहेर बघू लागले. हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आता हे काय बोलणार? नाम लावणारा, सोवळं पाळणारा माणूस. मग त्यांनी एक बोट पुढे केलं, तिला न शिवता एका लाल बांगडीला नुसतं टेकवलं आणि परत घेतलं. अण्णांचा राजीनामा त्यांनी चौघडी करून खणात टाकला.

"राव," ते अगदी हळू म्हणाले, "माझी बहीण माझ्या घरी असते. नऊ वर्षांची होती तेव्हापासून."

त्यांच्या घरी बहीण आहे हेसुद्धा आम्हां कुणाला ठाऊक नव्हतं.

"तिचा हात जरा मोठा आहे. होईल का?"

मला वाटलं सेतुअण्णा आता माझ्याकडे वळून 'ह्याच्यात कायतरी हाय' म्हणतील. ते वळले नाहीत. खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसून त्यांनी विचारलं, "होईल सार. रंग कुठला करू?"

लाल म्हणावं, हिरवा म्हणावं, हेडमास्तरांना काही सुचेना.

"मी कधी विचारलंच नाही तिला," ते म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते, तिसऱ्या तासाला त्यांचा स्वतःचा वर्ग होता. त्यांनी तासासाठी काढलेला खडू मेजावर ठेवला, चपला घातल्या आणि विचारायला घरी गेले.