निंबाचा पाला आणि करकंबची मंडळी

अंगण कसं झाडावं हे मला कुणी शिकवायला नको. माझ्याहून चांगला स्वयंपाक करणाऱ्या बायका सोलापुरात पुष्कळ असतील, पण हातात खराटा घेऊन माझ्यापुढे उभी राहील अशी एक दाखवा! निदान त्या फाल्गुनातल्या शनिवारपर्यंत माझं असं प्रामाणिक मत होतं.

आमच्या दारात कडुनिंबाचं झाड आहे. उन्हाळाभर सावली देतं म्हणून त्याचं सगळे कौतुक करतात. फाल्गुनात मात्र वर्षभराची सावली ते खाली टाकून देतं. बारकी, पिवळी पानं! मुंग्यांसारखी. एकीकडून हाकलावीत तर दुसरीकडून रांग लावून हजर.

त्या संध्याकाळी करकंबची मंडळी प्रभाला पाहायला यायची होती. प्रभा माझी थोरली. मुलगा मोहोळच्या शाळेत मास्तर. माढ्याला एका लग्नात पंगत वाढताना प्रभानं त्याला पाहिलेलं. त्याबद्दल ती अक्षरही बोलली नव्हती. पण त्या आठवड्यात आमटीत मीठ कधी दोनदा पडे, कधी पडतच नसे. आईला एवढं पुरतं. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं. आणि पाहुण्याची पहिली नजर अंगणावर पडते, तेव्हा तिथं एक पान दिसता कामा नये, असंही ठरवलं.

सकाळचा गिरणीचा भोंगा झाला तसा मी खराटा उचलला. ढीग झाला की वारा यायचा, आणि ढिगाचं पुन्हा अंगण व्हायचं. आमच्या घरचे भूगोलाचे मास्तर. ओसरीवर बसून ते मला या दिवसांत वारे कुठून सुटतात ते समजावून सांगू लागले. कुठून सुटतात ते दिसतंय, थांबतात कधी ते सांगा, असं मी म्हटलं. ते भूगोलात नव्हतं.

मुलाच्या मामांचं पागोटं अडकू नये म्हणून यांनी झाडाच्या खालच्या डहाळ्या तोडल्या होत्या. रस्त्यावरची पानं फाटकाखालून आत येत होती, म्हणून त्या हिरव्यागार डहाळ्या मी फाटकाच्या गजांत खोचून घट्ट बांधल्या. राहिला ढीग. मी शाळेची पायरी चढलेली नाही. वाण्याच्या पुड्या सोडता सोडता वाचायला शिकले, त्यामुळे माझं ज्ञान पुडीएवढंच असतं. गुळाच्या पुडीवर वाचलं होतं, ‘वाळका पाला जाळणे हा उत्तम उपाय होय. मात्र त्यापूर्वी’, आणि पुढे कागद फाटलेला. मी त्यापूर्वी काहीच केलं नाही. सरळ काडी ओढली.

असा धूर निघाला की गिरणीच्या धुराड्यानं मान खाली घालावी! पांढरा, दाट आणि कडू. प्रभाला तर मी सकाळीच तोंडाला हळद आणि साय लावून आतल्या अंधाऱ्या खोलीत निजवली होती. आता डोळ्यांवर ओली घडी ठेवली आणि उठायचं नाही म्हणून बजावलं.

तर फाटकाला निंबाच्या डहाळ्या, अंगणात निंबाचा धूर आणि लेक अंधाऱ्या खोलीत! असं कोणत्या घरात असतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. देवी आलेल्या घरात. आणि त्या आजाराचं नाव घ्यायचं नसतं, विचारपूस करायची नसते, घरात फोडणी द्यायची नसते, देवीआई कोपतात. हात जोडायचे आणि निघायचं. हे सगळं मला ठाऊक होतं हो! पण आपलं अंगण माणूस आतून बघतं, रस्त्यावरून बघत नाही.

पहिल्यांदा भिंतीवरून डोकावल्या त्या शेजारच्या शरणम्मा. कापडवाल्यांचं कानडी घर, माणसं मोठी मायेची.

“वैनी, प्रभा कुटं हाय?”

“आत निजवलीय. चेहऱ्याला जरा जपायला हवं ना.”

शरणम्मांनी डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. मला नाही, माझ्या मागच्या धुराला.

“कवापासनं?”

“सकाळपासून.” हळद लावून तेवढाच वेळ झाला होता.

त्या गेल्या आणि थोड्या वेळानं अनवाणी आल्या. एका हातात दहीभाताचं पातेलं, दुसऱ्यात नारळ. मला भरून आलं. मी पोह्यांना फोडणी टाकायला उठले, तर त्यांनी माझा हात धरला. “फोडणी नको आज, वैनी. थंड काय ते असू द्या.” शरणम्मांची बहीण करकंबला दिलेली. तिकडच्या लोकांना थंड मानवत असेल, यांना ठाऊक असणार, असं समजून मी पोहे डब्यात परत ओतले.

मग समोरच्या कस्तुराबाईंनी पोरं घरात ओढून दार लावलं आणि आमच्या फाटकाशी नारळ ठेवून लगबगीनं परतल्या. गवळी दुधाचं भांडं रस्त्यावरच ठेवून गेला. उन्हं उतरेपर्यंत फाटकाशी नारळांची रांग लागली. गल्लीत चिडीचूप. आज फारच शांत आहे, असं हे म्हणाले. पोरीवर जीव आहे सगळ्यांचा, असं मी म्हटलं. त्यात तेवढं एक खरं होतं.

तांगा गल्लीच्या तोंडाशी आला तो मी दारातून पाहिला. तो थांबला. कस्तुराबाई पुढे होऊन मामांशी काही बोलल्या, आमच्या घराकडे बघून त्यांनी हात जोडले. मामांनीही जोडले. आणि तांगा वळला!

तेव्हा मी पहिल्यांदा आपलं फाटक बाहेरून पाहिलं.

मी धावले. “अहो थांबा! पानं आहेत, नुसती पानं!”

“अम्मा, उधरीच ठैरो!” तांगेवाला ओरडला. घोडा मागच्या पायांवर नाचू लागला. मी कशी दिसत होते ते यांनी मागाहून सांगितलं: केस सुटलेले, तोंडाला राख, डोक्यात निंबाची पानं, हातात खराटा. देवी आल्या नाहीत हे त्या घटकेला कुणालाही पटवणं जड गेलं असतं, असं यांचं म्हणणं.

तांग्यातून मुलाच्या आई खाली उतरल्या. जाडजूड बाई, चेहराभर देवीचे जुने वण. मामा नको नको म्हणत होते. “मला लहानपणीच येऊन गेल्यात,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मला काही व्हायचं नाही. पोर एकटीच आहे का आत?”

मी सारखी सांगत होते, हा झाडाचा पाला आहे, बाकी काही नाही. “असं बोलू नये,” त्या म्हणाल्या. त्यांनी फाटकाशी वहाणा काढल्या आणि थेट आतल्या खोलीत जाऊन प्रभाच्या कपाळावर हात ठेवला.

प्रभाच्या डोळ्यांवर घडी होती. तिला वाटलं मीच.

“आई, तांगा वळलेला ऐकला मी. तू रडू नकोस. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या, आधी दोन घास खा.” मग जरा थांबून म्हणाली, “मग मी रडले तर मला मात्र काही बोलू नकोस.”

बाईंनी घडी उचलली. प्रभाच्या गालावरून बोट फिरवलं, ते उजेडात धरलं, हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“हळद,” त्या म्हणाल्या.

“आणि साय,” मी म्हटलं.

त्यांनी दारात जाऊन मामांना हाक मारली. मुलगा तांग्याच्या दुसऱ्या बाजूनं उतरून केव्हाचाच फाटकाशी येऊन उभा होता. मंडळींनी दहीभात पोटभर खाल्ला, आणि उठण्याआधी होकार दिला. वैशाखातला मुहूर्त ठरला.

मंडळी निघायच्या आतच शरणम्मांना मी सगळं खरं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. “आईला तुमी बोलावलं न्हाई, पर नैवेद्य घेतला की! आता पाच दिस अंगणाला खराटा लावायचा न्हाई. डहाळ्या बी राहू द्या.” मी आशेनं नव्या विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. इतकं जमून आल्यावर कोण नाही म्हणणार? खराटा मी परसात उलटा ठेवला आणि पाच दिवस घोट्याएवढ्या पाल्यातून चालले.

सहाव्या दिवशी भोंग्याला उठून पदर खोचून बाहेर आले, तर अंगणात एक पान नाही! झाड उघडंबोडकं झालेलं, आणि पहाटेची वावटळ सगळं झाडून घेऊन गेलेली. माझ्या हातून इतकं स्वच्छ कधी झालं नव्हतं. म्हणजे फाल्गुनभर मी नुसती बसून राहिले असते तरी चाललं असतं.

भिंतीपलीकडे खराट्याची खरखर ऐकू आली म्हणून डोकावले. सगळा पाला शरणम्मांच्या अंगणात. त्याचा ढीग करून त्या पुढ्यात उभ्या होत्या, आणि त्यांच्या हातात काडेपेटी होती.

मी भिंतीवरून नुसता हात पुढे केला. त्यांनी काडेपेटी माझ्या हातात दिली.