दामूभाऊ अळंबी तपासतात

दामूभाऊ आमच्या खानावळीत आले की आधी माझ्या भाजीच्या टोपलीत हात घालतात आणि मग "काय वहिनी, बरं आहे ना?" असं विचारतात. श्रावणात तेही विचारत नाहीत. चपला बाहेर काढून सरळ स्वयंपाकघरात शिरतात, टोपलीतली एकेक अळंबी उचलून उलटी करतात, देठ वाकवून बघतात, वास घेतात आणि दोन ढीग लावतात. डावा ढीग खायचा. उजव्या ढिगाला म्हणतात, "विदाऊट!"

म्हणजे विनातिकीट. दामूभाऊ एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण जगातल्या वस्तूंचे त्यांच्यापुरते दोनच प्रकार उरलेत: तिकीट काढलेल्या आणि न काढलेल्या. माझी एक कढी ते अजून विदाऊट धरतात.

हे अळंबीचं वेडही गाडीतलंच. जव्हार-खोडाळा गाडीवर असताना पावसाळ्यात बाया टोपल्या घेऊन चढायच्या. दामूभाऊंनी टोपलीचं भाडं मागायचं, बायांनी द्यायचं नाही. त्या भांडणातून ओळख झाली आणि ओळखीतून विद्या मिळाली. वारुळावरची अळंबी कुठली, बोटाच्या पेरापेक्षाही बारीक अशा सात्या कुठल्या, कुजक्या लाकडावरची कुठली आणि कुत्र्याची छत्री म्हणून लाथाडायची कुठली, हे सगळं ते त्या बायांकडून शिकले. शिकले ते शिकले, आता सगळ्या जव्हारला शिकवतात. कुणी विचारलेलं नसतं.

एकदा नाशिकचं एक कुटुंब जेवायला आलं होतं. खास अळंबीची भाजी मागवली. शेजारच्या टेबलावर दामूभाऊ.

"पहिल्यांदाच खाताय?"

"हो."

"घाबरू नका. विषारी असली तरी लगेच काही होत नाही. आधी पोट बिघडतं. मग बरं वाटतं. माणूस म्हणतो, सुटलो बुवा. आणि मग लिव्हर जातं."

त्या बाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"ही तशी नाही हो, ही मी तपासलीय," दामूभाऊ म्हणाले. "आपली माहिती सांगितली."

चौघांनीही वरणभात मागवला.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या बचतगटाने पेंढ्याच्या पिशव्या टांगून धिंगरी अळंबी पिकवायला घेतली. पांढरीशुभ्र, झुपक्यांनी आलेली, दृष्ट लागावी अशी. कुणीतरी कौतुकाने दामूभाऊंना बघायला बोलावलं. त्यांनी एक झुपका नाकाशी धरला आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "ही सरकारी नोकर. वेळेवर हजर, पण अंगात दम नाही." ते जेवायला आमच्याकडे असतात म्हणून गटाच्या अध्यक्षीणबाई माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत.

मी चिडले की आमचे हे गल्ल्यावरून म्हणणार, "सोड ना. एकटा माणूस आहे."

"एकटा आहे म्हणून माझ्या टोपलीत?" मी म्हणायची. पण खरंच, लग्न केलेलं नाही, एक पुतण्या वसईला असतो, तो दिवाळीला फोन करतो. दोन्ही वेळचं ताट आमच्याकडे. हाकलणार कुठे?

यंदा मात्र त्यांनी हद्द केली.

वांगणीकडची सोनीबाई वर्षानुवर्षं मला अळंबी आणून देते. सागाच्या पानांखाली झाकलेली, माती न झटकलेली, ताजी. गाडीत दामूभाऊंना शिकवणाऱ्या बायांमधली तीच पहिली. यंदा तिची पहिली टोपली आली. मी बाहेर फळ्यावर 'आज अळंबी' लिहूनसुद्धा टाकलं. दामूभाऊंनी एक उचलली, उलटी केली, डोळ्यांशी नेली, दूर धरली, पुन्हा जवळ आणली.

"विदाऊट."

दुसरी उचलली. "विदाऊट." तिसरी. चौथी. उजवा ढीग वाढत गेला, डावीकडे पाट रिकामा.

"अहो, ही सोनीबाईची आहे," मी म्हटलं.

"कुणाची का असेना."

सोनीबाई दारातच बसली होती. ती उठून आत आली. "काय रे कंडक्टर, मीच तुला शिकवला ना? घरी पोरांना घालून आलेय हीच भाजी. मेली का पोरा?"

दामूभाऊंनी टोपली उचलली आणि मी ओट्यापासून पोचायच्या आत मागच्या खरकट्याच्या खड्ड्यात पालथी केली. सबंध टोपली! सोनीबाईने रिकामी टोपली त्यांच्या हातातून हिसकली. "आता मोखाड्यालाच इकीन," म्हणाली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. बाहेर गिऱ्हाईक फळा वाचून आत येत होतं.

त्या दिवशी मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवट एवढाच, की उद्यापासून स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, ताट टेबलावर मिळेल. ते "बरं" म्हणाले. त्यांनी भांडायला हवं होतं. भांडले नाहीत म्हणून मला आणखी राग आला.

पुढे दुसऱ्या बायांकडून घेतलेली अळंबी मी लपवून आणली, तरी वास लागून ते टेबलावरून ओरडायचे, "वहिनी, घालू नका हो कुणाला!" गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायची आणि पिठलं मागवायची. अख्खा श्रावण मी पिठलं घोटलं.

शेवटी मी जीपवाल्याबरोबर सोनीबाईला निरोप धाडला. ती आली ती कंबर कसूनच. दामूभाऊ जेवत होते. तिने त्यांच्या ताटाशेजारी दोन अळंब्या ठेवल्या.

"सांग. यातली विदाऊट कंची?"

एक नेहमीची, वारुळावरची. दुसरी मी लांबूनच ओळखली, खालचे पापुद्रे हिरवट पडलेले. सोनीबाईने मुद्दाम आणली होती. असली कुणीही ओळखेल.

दामूभाऊंनी हात पुसले. दोन्ही उचलल्या. अंगठा फिरवला, वास घेतला, डोळ्यांना टेकतील इतक्या जवळ नेल्या. शेजारच्या टेबलावरचे लोक जेवायचे थांबले.

"दोन्ही," ते म्हणाले.

सोनीबाई हसणार होती. तिचं तोंड तसं झालंही होतं. मग ती खाली वाकली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कंडक्टर, तुला दिसं नाय."

"दिसतं."

"ही हिरवी हाय. हिरवीगार. नाय दिसला तुला."

त्यांनी अळंब्या खाली ठेवल्या, त्यातली एक आमटीच्या वाटीत पडली. ती काढायला हात गेला तो वाटी चुकवून बाजूला. मी गेले आणि वाटी उचलली.

"मागच्या पावसापासून धुकं धरलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "पांढरा, हिरवा, गुलाबी, सगळं एकच. एखादी चुकून पास केली असती आणि कुणी खाल्ली असती म्हणजे? त्यापेक्षा सगळ्याच बाद."

"अहो, मग सांगायचं नाही का?" मी ओरडलेच. "मोतीबिंदूचं ऑपरेशन काय कुणी करत नाही? माझा श्रावण घालवलात, सोनीबाईची टोपली फेकलीत!"

"सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर टोपली कुणी दाखवली असती मला?"

मी ती वाटी ओतून दुसरी आमटी आणून ठेवली. आमच्या ह्यांनी गल्ल्यावरून पुतण्याचा नंबर विचारला. तेव्हा दामूभाऊ म्हणाले, "त्याला नका कळवू, त्याला सुट्टी नसते." मग हेच म्हणाले, की बरं, सोमवारी मीच नेतो डॉक्टरकडे.

सोनीबाई बाकावर त्यांच्या शेजारी टेकली. तिला बहुतेक अजून रागच होता. तिने चांगली अळंबी उचलली, त्यांचा हात ओढून तळव्यावर ठेवली आणि शाळेतल्या बाईसारखी सांगू लागली. "देठ बघ, लांब. खाली मुळासारखा गेलाय. बांगडी नाय. वर टोक हाय. लागला हाताला?"

"लागलं."

"आन खाली रंग गुलाबी. फिका."

"कसा गुलाबी?"

"नखासारखा. धुतलेल्या नखासारखा."

दामूभाऊ अळंबी धरून बसले. ताटातला भात गार झाला होता.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.