मान खाली, लागंल

नळदुर्गच्या किल्ल्याचा दरवाजा एवढा उंच आहे, की अंबारीसकट हत्ती आत गेला तरी वरच्या दगडाला धक्का लागायचा नाही. बिराजदार अण्णांची उंची पाच फूट दोन इंच, तीही टोपी धरून. तरी त्या दरवाज्यातून जाताना अण्णा कंबरेत वाकतात, मान छातीत घालतात आणि मागे वळून पाहुण्यांना बजावतात, "जरा मान खाली. लागंल."

पाहुणे वर बघतात. चार पुरुष उंचीवर पारवे घुमत असतात. मग पाहुणे माझ्याकडे बघतात आणि मी गाडीच्या किल्लीशी खेळत दुसरीकडे बघतो.

मी ड्रायव्हर. गाव तामलवाडी, शिक्षण बी.कॉम., गाडी स्वतःची, नशीब दुसऱ्या कुणाचं तरी. सोलापुरातल्या एका ट्रॅव्हल्सवाल्या शेठकडे माझी गाडी लागते. लग्नाला, कामाला पुण्या-हैदराबादचे लोक सोलापुरात येतात आणि त्यांना एखादा दिवस मोकळा सापडतो. त्यांच्यासाठी शेठनं ट्रिप काढली: एक दिवस, खासगी गाडी, सोबत गाइड. सकाळी सातला सोलापूर सोडायचं, नळदुर्गचा किल्ला, मग लोहाऱ्याच्या बाजूला 'ग्रामीण जीवनदर्शन', येताना तुळजापूर, दिवेलागणीला परत. गाडीवर मी आणि गाइड म्हणून अण्णा. गेली अकरा वर्षं हे असंच चाललंय. नवरा-बायकोसुद्धा एका गाडीत एवढा वेळ बसत नाहीत.

अण्णांना गाइड म्हणून कुणी नेमलं, हे शेठलाही सांगता यायचं नाही. ऑफिसच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत ते राहायचे, झाडलोट करायचे. जुना गाइड एक दिवस आलाच नाही, तेव्हा हे जाऊन गाडीत पुढच्या सीटवर बसले, ते बसलेच. इतिहासाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. अख्खा नळदुर्ग ते वीस मिनिटांत उरकतात. "ह्यो बुरूज. ह्यो बी बुरूज. तोफ हाय, पर उडत न्हाय. राजं व्हतं, गेलं. चला." पाणीमहालापाशी कुणी धबधब्याचं विचारलं, तर "पाणी आलं की पडतोय," एवढंच. एकदा एका प्रोफेसरांनी वही-पेन काढून विचारलं, "हा महाल बांधला कुणी?"

"गवंड्यानं," अण्णा म्हणाले.

खरे अण्णा सुरू व्हायचे ते लोहाऱ्याच्या अलीकडच्या फाट्यावर गाडी वळली की. शेठच्या कागदावर 'ग्रामीण जीवनदर्शन' असं लिहिलेलं असल्यामुळे पाहुणे बैलगाडीच्या आणि चुलीवरच्या भाकरीच्या आशेनं सावरून बसायचे. मी गाडी थांबवायचो ती उघड्या माळावर. एक चिंच, बाकी बाभळी, घाणेरी आणि जागोजाग दगडांचे ढीग. भूकंपात हे गाव पडलं, त्याला आता तीस वर्षं उलटून गेली. जे वाचले त्यांना सरकारनं दोन किलोमीटरवर नवं गाव बांधून दिलं, सरळ रांगांचं, घरांवर नंबर घातलेलं. जुन्या जागेवर परत कुणी आलं नाही. अण्णा सोडून.

"चिंचंपासनं बारा पावलं, ही वेस," अण्णा पावलं मोजत सांगायचे. "डाव्या हाताला मारुती. नमस्कार करा." माणसं बाभळीला नमस्कार करायची. "आता बोळ हाय. एकामागं एक या." आणि चारी बाजूंनी मोकळं रान पडलेलं असताना चांगली शिकलीसवरलेली माणसं मुकाट एकामागं एक चालायची. हैदराबादचा एक कॉम्प्युटरवाला तरुण एकदा कंटाळून सरळ आडवा निघाला, तर अण्णा ओरडले, "ओ साहेब! भितीतनं काय जाताय? दार हाय की!" तो बिचारा एक पाय वर धरून तसाच उभा राहिला.

दार म्हणजे जमिनीत रुतलेले दोन दगड. तिथंही "मान खाली, लागंल" व्हायचं. मग चपला काढायला लावायचे. बाभळीखाली अनवाणी चालणं म्हणजे काय, हे ज्यानं काटा काढलाय त्यालाच ठाऊक. आत ओसरी, धान्याचं बळद, मडक्यांची उतरंड, उजव्या हाताला चूल. यातलं काहीच दिसायचं नाही. दिसायचं ते एक दगडी उखळ. पाहुण्यांना त्याच्याभोवती बसवून अण्णा पिशवीतून तांब्या काढायचे, गूळ फोडायचे, आणि "घ्या, कमळाच्या घरचं गूळ-पाणी हाय" म्हणत प्रत्येकाच्या हातावर ठेवायचे. माझं घर असं ते कधी म्हणायचे नाहीत. कमळाची चूल, कमळाचं उखळ, कमळाचं दार.

वीस मिनिटांचा किल्ला आणि तासभराचा माळ. मग मोबाइलवर तक्रारी यायच्याच. 'घर दाखवतो म्हणाले. घर नव्हतं. पायात काटा मोडला. एक स्टार.' खोटं काय होतं त्यात? शेठ आधी माझ्यावर डाफरायचे. मी सांगायचो, तो माळ वगळा, जाऊन-येऊन दोन तास वाचतील. मीच सांगायचो, हे कबूल करतो. अण्णांनाही तोंडावर बोलायचो, "अण्णा, कशाला जायचं हो तिथं?" ते नुसते कपाळ चोळायचे.

एकदा पाहुणे तुळजापूरच्या रांगेत अडकले होते आणि आम्ही दोघं गाडीत बसलो होतो. मी वैतागून पुन्हा तेच विचारलं. त्या दिवशी ते बोलले.

"घर तिच्या बापाचं. म्या घरजावई. दार साडेचार फुटी, रोज कपाळाला टोला. गाव म्हनायचं, घरजावयाला उंबरा बी ओळखत न्हाय. कमळा आदी हसायची, मग हळद लावायची. लेकरूबाळ न्हवतं. ह्योच आमचा खेळ."

"मग?"

"मग एक दिस म्या इरंला पेटलो. म्हनलं, उंच चौकट आणतो. ती नगं म्हनत व्हती. आपल्या दारात वाकून आलं तर काय बिघडतंय, म्हनली. म्या ऐकलं न्हाय. सोलापूरच्या जुन्या लाकडाच्या बाजारात गेलो. सौदा झाला, येष्टी चुकली, राह्यलो. त्याच राती भूकंप झाला."

मी त्यांच्याकडे वळलो.

"चौकट घिऊन गेलो की सकाळच्याला. टेम्पोत घालून." ते समोरच्या काचेकडे बघत होते. "उभी कुठं करायची?"

मी फडकं घेतलं आणि काच पुसायला लागलो. आतून पुसली, मग खाली उतरून बाहेरून पुसली.

नव्या गावात त्या घराच्या बदल्यात मिळालेलं घर कमळाबाईंच्या चुलत भावाकडे गेलं, त्यात तो आता कडबा ठेवतो. अण्णांनी मागितलंही नाही. "तिचा फोटू न्हाय, घराचा न्हाय," ते म्हणाले. "चार लोकांस्नी फिरवून दावलं की पाठ ऱ्हातंय. म्या इसरलो की सपलं, बाळू. मग ती व्हती म्हनून सांगणारं बी कोण न्हाय."

त्यानंतर शेठकडे माळाची तक्रार मी केली नाही. कुरकुर मात्र चालूच ठेवली, कारण सवय.

गेल्या वर्षी एकदा अण्णांनी चिंचेपासून पंधरा पावलं मोजली. पाहुण्यांना काय, बारा काय आणि पंधरा काय. पण मी ते शेकडो वेळा ऐकलेलं. पुढच्या खेपेला चूल डावीकडे गेली. मी न राहवून म्हणालो, "अण्णा, चूल उजवीकडे."

"तू ऱ्हायलास व्हय रं तिथं?" ते भडकले. परत येताना तामलवाडी मागे पडल्यावर हळूच विचारलं, "खरंच उजवीकडं?"

"हो."

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि सोलापूर येईपर्यंत ओठातल्या ओठात पुटपुटत राहिले. बारा पावलं, मारुती, बोळ, दार, ओसरी, चूल उजवीकडं. परीक्षेला निघालेली पोरं घोकतात तसं.

मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस, खरं तेच बोलला. हे वाढत जाणार, म्हणाला, गेलेलं परत येत नाही. गोळ्या दिल्या. मला फार संताप आला. भूकंपानं घर नेलं, माणूस नेलं. डोक्यात जेवढं उरलं होतं तेही आता एकेक वासा करून चाललं होतं, आणि मी फक्त गाडी चालवू शकत होतो.

शेवटची ट्रिप गेल्या महिन्यातली. पुण्याचे एक निवृत्त साहेब आणि त्यांच्या बाई. साहेबांचं सगळं लक्ष घड्याळाकडे, तुळजापूरला गर्दी व्हायच्या आत पोचायचं होतं. नळदुर्गला उतरलो. अण्णा पुढे चालत गेले आणि त्या हत्तीच्या दरवाज्यातून मान ताठ ठेवून सरळ आत गेले. वाकले नाहीत, मागे वळून बजावलं नाही, काही नाही. अकरा वर्षं ज्या गोष्टीची मला लाज वाटली ती त्या दिवशी झाली नाही, आणि मी किल्लीशी खेळायचं सोडून त्यांच्या मागे गेलो.

चिंचेखाली गाडी थांबवली. अण्णा खाली उतरले, दोन पावलं चालले आणि थांबले. समोर नुसत्या बाभळी. ते डावीकडे बघत होते, उजवीकडे बघत होते.

"काय आहे इथे बघायला?" साहेबांनी विचारलं.

अण्णा माझ्याकडे वळले. "बाळू, हितं कशाला आलोय रं आपण?"

अकरा वर्षं हा प्रश्न मी त्यांना विचारत होतो. आता तो माझ्याकडे आला. चुकून आलो, असं म्हणून गाडी वळवली असती तर साहेब खूष, शेठ खूष. अण्णांनाही काही कळलं नसतं. तेच मला सहन होईना.

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "या पाव्हणं," मी म्हणालो. माझ्या तोंडून त्यांचीच बोली येत होती. "चिंचंपासनं बारा पावलं, ही वेस. डाव्या हाताला मारुती, नमस्कार करा. आता बोळ हाय, एकामागं एक या."

पुढे मी, माझा सदरा धरून अण्णा, मागे बाई. साहेब घाणेरीला वळसा घालून आडवे यायला निघाले, तर मी खेकसलो, "साहेब, भितीतनं काय जाताय? दार हाय की!" बाईंनी त्यांना हाताला धरून रांगेत घेतलं.

दोन दगडांशी आलो. मी वाकून आत गेलो आणि वळून बघितलं, तर अण्णा मान वर करून सरळ येत होते. मी झटकन हात पुढे केला, साडेचार फुटांवर तळवा आडवा धरला.

"अण्णा, मान खाली. लागंल."

ते थबकले. माझ्या हाताकडे बघत राहिले. मग वाकले. त्यांची टोपी माझ्या तळव्याला जरा घासून गेली. मागून बाई वाकल्या. साहेबसुद्धा वाकले. तळवा मी तसाच धरून ठेवला होता.

अण्णांना मी उखळाजवळ बसवलं. इतकी वर्षं ते यजमान, मी दारातच उभा राहायचो. त्या दिवशी गूळ मी फोडला आणि पहिला खडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो पाहुण्यासारखा संकोचानं घेतला, मागच्या त्या दोन दगडांकडे बघितलं.

"लई बारकं दार हाय," ते म्हणाले. "कुणाचं म्हनायचं घर?"

मी म्हणालो, "कमळाबाईंचं."

अण्णांनी एकदम स्वतःच्या पायांकडे बघितलं. गडबडीनं चपला काढल्या, दगडांच्या पलीकडे नेऊन नीट जोडीनं ठेवल्या आणि वाकून परत आत आले. कपाळावरून हात फिरवला, बोटं डोळ्यांपुढे धरून बघितली. त्यांचं तोंड असं फुललेलं मी अकरा वर्षांत बघितलं नव्हतं.

"मग हाक मार की तिला," ते म्हणाले. "म्हनावं, आज टोला बसला न्हाय."

साहेबांनी घड्याळावरचा हात खाली घेतला. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी उजवीकडे, चुलीच्या बाजूला तोंड केलं आणि हाक मारली.